सुट्या भागांवर सीई कशाला?

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या रिळावर सीई चिन्ह (माल युरोपीय नियमांत बसतो असं सांगणारी खूण) नाही म्हणून युरोपातला कारखाना माल नाकारेल, ही भीती मला अनाठायी वाटते. सुटा रेझिस्टर किंवा आयसी (चिप) सीईच्या कक्षेत येत नाही. ते चिन्ह तयार उपकरणावर लागतं. हौसेने छापलंत तर उलट तेच नियमबाह्य! खरेदीदार मागतो तो रोह्सचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपीय नियमाचा कागद. शिसं जास्तीत जास्त ०.१ टक्का, कॅडमियम ०.०१ टक्का, आणि तेही प्रत्येक एकजिनसी पदार्थात. म्हणजे आयसीच्या धातूच्या पायांवरचा मुलामा वेगळा मोजायचा, अख्ख्या आयसीच्या वजनावर सरासरी काढून चालत नाही. इथेच बरेच जण फसतात. जुना कागद असेल तर २०१९ पासून लागू झालेले चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) त्यात आहेत का बघा. या मर्यादांतून सवलत घेतली असेल तर तिचा क्रमांकही लिहा. लेबलवरचा गोलातला 'ई३' म्हणजे पायांवर शिसंविरहित कथील.