डिफॉल्टवर सोडून द्या म्हणे!

खवट:
काल इथे ‘निवांत’ यांनी सल्ला दिला: इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनचा क्लस्टर (एकत्र चालणारी मशीन, म्हणजे नोड) ट्यून करत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, हीपला (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीला) निम्मी रॅम द्या, बाकी सगळं डिफॉल्टवर सोडा, बनवणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यावर वाहवा पण झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निम्मी रॅम? १२८ जीबीच्या मशीनवर ६४ जीबी हीप लावणार? ३२ जीबीच्या अलीकडे राहिलात तर जेव्हीएम (इलॅस्टिकसर्च ज्यावर चालतं ते जावाचं इंजिन) ४ बाइटच्या पॉइंटरवर (मेमरीतल्या पत्त्यावर) भागवते, पलीकडे गेलात की ८. म्हणजे ४० जीबी देऊनही ३१ पेक्षा फारसं जास्त मावत नाही, वर जीसीचा (मेमरीच्या साफसफाईचा) भुर्दंड. आणि उरलेली रॅम रिकामी पडून नसते. ल्युसीन या आतल्या सर्च लायब्ररीचे सेगमेंट (डेटाच्या फाइली) ओएसच्या पेज कॅशमध्ये (उरलेल्या रॅममध्ये) राहतात, सर्चचा वेग तिथून येतो.

आता शार्ड, म्हणजे इंडेक्सचे (डेटाच्या एका संचाचे) तुकडे. इलॅस्टिकसर्च ७.० येईपर्यंत डिफॉल्ट ५ होते. रोज नवा इंडेक्स, ५ प्रायमरी (मूळ), ५ रेप्लिका (त्यांच्या प्रती), म्हणजे वर्षाला ३६५० शार्ड, आणि एकेकात डेटा चिमूटभर. बनवणाऱ्यांना सगळं कळत होतं तर २०१९ मध्ये ५ चा १ का केला? तोवर तुमचा सल्ला पाळणाऱ्यांचे मास्टर नोड क्लस्टर स्टेट (कुठला शार्ड कुठे वगैरे नोंदी) वाहून अर्धमेले झाले होते, त्यांचं काय?

आणि लॉगच्या इंडेक्सला १ सेकंदाचा डिफॉल्ट रिफ्रेश (नवा डेटा सर्चला दिसेल असं करणं) कशाला हवा? ३० करा, बारीक सेगमेंटचा कचरा लगेच कमी होतो.

निवांत:
खवटराव, तुम्ही माझीच बाजू मांडताय. ५ चा १ केला तो त्यांनी. हीपचंही तसंच, ७.११ पासून नोडचा रोल आणि रॅम बघून इंजिन स्वतःच ठरवतं. ‘निम्मी’ म्हणालो ती मर्यादा होती, मान्य, नीट लिहायला हवं होतं. खूश?

रिफ्रेशचं मात्र अर्धंच सांगितलंत. डिफॉल्टवर असताना ज्या शार्डवर ३० सेकंद कुणी सर्च करत नाही, तिथला रिफ्रेश आपोआप थांबतो. तुम्ही हाताने ३० लिहिलंत की ती सोय बंद. आता सांगा, कुणाला जास्त कळतं?

ट्यून करणाऱ्यांचे प्रताप मी रोज निस्तरतो. एका ठिकाणी सर्चची क्यू (विनंत्यांची रांग) १००० वरून कितीतरी पट वाढवून ठेवली होती, का तर रिजेक्शन (रांग भरल्यावर नाकारलेल्या विनंत्या) दिसू नयेत. नाही दिसली. विनंत्या रांगेत कुजल्या, युजर कंटाळून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले आणि शेवटी हीपच गेली. मिनिमम मास्टर नोड्सचं (मास्टर निवडायला किमान किती नोड हवेत त्या आकड्याचं) काय झालं? लोक नोड वाढवायचे, आकडा बदलायला विसरायचे, मग स्प्लिट ब्रेन, म्हणजे एकाच क्लस्टरला दोन मास्टर. कंटाळून ७.० मध्ये तो स्विचच काढून टाकला.

खवट:
आमचे डॅशबोर्ड दिवसभर उघडे असतात हो, कुठला आलाय आयडल शार्ड! पण क्यूचं पटलं. क्यू वाढवणाऱ्याला मीही माफ करत नाही.

रात्रपाळी:
तुमचं हीप-शार्ड चालू द्या. मला झोपेतून उठवणारं सेटिंग वेगळंच आहे, कुठला शार्ड कुठल्या नोडवर बसवायचा ते ठरवणारं: शार्ड अ‍ॅलोकेशन. आधीच्या नोकरीत एका साहेबांनी रोलिंग रिस्टार्टच्या (एकेक नोड बंद-चालू करण्याच्या) आधी ते ‘नन’ (काहीच बसवू नको) केलं, नोड वर आले, साहेब ते तसंच ठेवून घरी. मध्यरात्री त्या दिवसाचा इंडेक्स बनला, त्याच्या प्रायमरीला बसायला जागा नाही, क्लस्टर लाल (प्रायमरीच नाही). लिहिणारे सगळे टाइमआउट. मी हीप बघतेय, डिस्क बघतेय, लॉग चाळतेय, सगळं हिरवंगार. ‘प्रायमरीज’ (फक्त प्रायमरी बसव) लावलं असतं तर नुसतं पिवळ्यावर (रेप्लिका नाहीत, एवढंच) निभावलं असतं.

गिटोबा:
एपीआयवरून (चालू क्लस्टरला थेट कमांड देऊन) सेटिंग बदलायची मुभा दिली की हेच होणार. सगळं वायएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये, वायएमएल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये), दोघांच्या सहीशिवाय बदल नाही. विषय संपला.

रात्रपाळी:
संपला कसा? एपीआयवरून लावलेलं पर्सिस्टंट (कायमचं) सेटिंग वायएमएलवर मात करतं आणि ट्रान्झियंट (तात्पुरतं) त्या दोघांवर. तुमचं गिट छान हिरवं दिसत राहील आणि क्लस्टर भलतंच काही करत असेल. शिवाय फाइल बदलली की नोड रिस्टार्ट. रिस्टार्टच्या आधी अ‍ॅलोकेशन थांबवायला आधी रिस्टार्ट करू का?

गिटोबा:
शिस्त नसलेल्या टीमचं दुखणं टूलवर ढकलू नका. आमच्याकडे असं होत नाही.

रात्रपाळी:
‘आमच्याकडे होत नाही’ म्हणणाऱ्यांच्याकडे बघणारं कुणी नसतं, एवढाच त्याचा अर्थ. गेट क्लस्टर सेटिंग्ज ही लावलेली सेटिंग दाखवणारी कमांड मारा आणि उत्तर इथे टाका. मग शिस्तीवर बोलू.

निवांत:
ट्रान्झियंट तर ७.१६ पासून वापरूच नका म्हणतायत, नोड इकडेतिकडे झाले की नकळत उडून जातं म्हणून. ताईंच्या साहेबांनी ते वापरलं असतं तरी त्या रात्री फरक पडला नसता, हे कबूल. पण मुळात त्यांनी हात लावला म्हणूनच ना?

रात्रपाळी:
रिस्टार्टच्या आधी अ‍ॅलोकेशन आवरा असं डॉक्युमेंटेशनच सांगतं, निवांतराव. हात लावायचाच असतो. काढून घ्यायचा पण असतो.

मुक्तछंद:
या सगळ्याचं मूळ इलॅस्टिकसर्चचा २०२१ चा परवाना बदल. तेव्हाच ओपनसर्चवर (त्यातून फुटून निघालेल्या मुक्त आवृत्तीवर) आला असता तर आज...

खवट:
आला का परत! ओपनसर्चमध्येही डिस्कचे वॉटरमार्क (किती टक्के भरली की अडवायचं ते) ८५, ९०, ९५ च आहेत. परवाना बदलून डिस्क मोठी होत नाही. वेगळा धागा काढ, तिथे येऊन भांडतो.

मुक्तछंद:
२०२४ मध्ये एजीपीएल हा मुक्त परवाना आणावाच लागला ना त्यांना? एवढंच म्हणतोय. चालू द्या.

नवखी:
मध्ये बोलते, सॉरी. रात्रपाळीताईंचं वाचून मी ती कमांड मारून बघितली. पर्सिस्टंटमध्ये अ‍ॅलोकेशन ‘प्रायमरीज’ दिसतंय. आमचा क्लस्टर मी आल्यापासून पिवळाच आहे, मला वाटलं पिवळा चालतो. हे कुणी लावलं ते कसं शोधू?

रात्रपाळी:
कुणी लावलं ते मागाहून बघ. आधी त्याला नल कर, म्हणजे डिफॉल्टवर आण. ते लागल्यापासून बनलेल्या कुठल्याच इंडेक्सला रेप्लिका मिळालेली नाही. एक डिस्क गेली की तेवढा डेटा गेला.

गिटोबा:
भर दिवसा नको! सगळ्या रेप्लिका एकदम भरायला लागतील, सर्च आडवा होईल. रात्री करा.

निवांत:
एकदम कशा भरतील? नोडमागे दोनच रिकव्हरी (शार्ड भरणं) एका वेळी, वेगही ४० एमबी सेकंदाला. डिफॉल्ट आहेत ते. आत्ता करा.

खवट:
या एका डिफॉल्टला माझी हरकत नाही. लिहून घ्या, परत म्हणणार नाही.

गिटोबा:
तरी मी रात्रीच केलं असतं.

रात्रपाळी:
रात्री तुम्ही जागणार आहात का?