बी.कॉम. नंतर आयटी सपोर्टमध्ये जायचंय, बजेट ३,००० रुपये

प्रश्न: कोडिंग येत नाही, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. हेल्पडेस्क किंवा नेटवर्किंगपासून सुरुवात करायचीय. क्लासची फी झेपणारी नाही. घरबसल्या काय शिकू?

उत्तर १: सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा नेटवर्किंग बेसिक्स घ्या, फुकट आहे, सोबत पॅकेट ट्रेसर हे लॅपटॉपवरच आभासी नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअरही मिळतं. नुसते धडे वाचून पुढे सरकू नका. पॅकेट ट्रेसरमध्ये राउटरच्या (दोन नेटवर्क जोडणारं यंत्र) दोन बाजूंना एकेक स्विच (एकाच नेटवर्कमधले पीसी जोडणारं यंत्र) आणि पीसी जोडा. आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) देऊनही पलीकडे पिंग (जोडणी तपासायचा छोटा संदेश) जात नसेल, तर बहुधा पीसीवर डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायच्या वाटेवरच्या राउटरचा पत्ता) भरायचा राहिलेला असतो, नाहीतर राउटरच्या इंटरफेसवर (जोडणीच्या पोर्टवर) तो चालू करणारी 'नो शटडाउन' ही आज्ञा दिलेली नसते. असा दोष न घाबरता हुडकता येणं, हीच हेल्पडेस्कची खरी तयारी.

उत्तर २: प्रमाणपत्र हवंच असेल तर एनपीटीईएल (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स) बघा. शिकणं मोफत, परीक्षेची फी साधारण हजार रुपये. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या: असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण वेगवेगळे लागतात. असाइनमेंट बुडवल्या की परीक्षा कितीही चांगली गेली तरी प्रमाणपत्र हुकतं.

उत्तर ३: लिनक्स (विंडोजसारखी, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही आहेत. ४ जीबीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) डेस्कटॉपवालं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) रखडेल. नुसत्या आज्ञा टाइप करून चालणारं उबुंटू सर्व्हर टाका, त्याला दीड जीबी रॅम द्या. 'व्हीटी-एक्स' (आभासी संगणक चालवायची प्रोसेसरमधली सोय) बंद असल्याची तक्रार आली तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा.