मदत हवी आहे: पीजी करणाऱ्या बायकोची साप्ताहिक सुट्टी कशी मिळवावी?

मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बायको डॉक्टर, इथेच स्त्रीरोग विभागात पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करते, दुसरं वर्ष. ड्युटी कधी कधी सलग ३० तासांची. गेल्या आठवड्यात पोळीचा घास हातात धरून ताटावरच झोपली. मुलगी तीन वर्षांची. आई सांभाळते, पण आईचे गुडघे आता साथ देत नाहीत.

मला कामापेक्षा वेगळीच काळजी आहे. पूर्वी एखादं अवघड बाळंतपण सुखरूप झालं की घरी येऊन हौसेनं सांगायची. आता विचारलं तर म्हणते, "झालं काहीतरी."

विभागप्रमुखांशी ती तोंडी बोलली. "आम्हीही असंच केलं" हे उत्तर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, बोलून बरं वाटलं, पण ड्युटीचा तक्ता तोच. कोर्स सोडायचा नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको. स्टायपेंडची तक्रार नाही. विभागात तिघींवर भार आहे, त्यामुळे हिची सुट्टी दुसरीच्या माथी मारायचीही नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० पगारी किरकोळ रजा आहेत. पण थीसिसवर सही त्याच विभागात व्हायची, म्हणून लेखी द्यायला ती कचरते.

कुणी हे नियम दाखवून सुट्टी मिळवली आहे का? अर्ज एकटीनं द्यावा की तिघींनी मिळून, आणि विभागप्रमुखांना की थेट डीनना?