सुरूच्या सावलीत दोन सोलर पॅनेल: समांतर जोडणी पुरेशी की दोन कंट्रोलर? मदत हवी आहे

कॅम्पर व्हॅन डिसेंबरभर गोव्यात काणकोणला, आगोंद बाजूला उभी असेल. वीजजोडणी नाही.

टपावर २०० वॅटची दोन मोनो पॅनेल, ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा; कमाल १०० व्होल्ट), १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तास लिथियम फॉस्फेट बॅटरी. कॉम्प्रेसर फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल मिळून रोजचा खप साधारण ९५० वॅट-तास.

गाडी सुरूच्या झाडाखाली लावतो. माडाखाली सावली चांगली, पण नारळ काचेवर पडला की संपलं! उघड्यावर दुपारी २९० वॅट येतात. एका पॅनेलवर सुरूची विरळ, हलती सावली आली की एकसर जोडणीत ७०-८० वॅट. ती सावली पॅनेलभर विखुरलेली, त्यामुळे बायपास डायोड (पॅनेलचा सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे) फारसे कामी येत नाहीत. समांतर जोडल्यावर १३० पर्यंत जातं, पण २० अँपिअरला ४ चौरस मिमीच्या ५ मीटर वायरीत जवळजवळ १ व्होल्ट खातो. वायर ६ची करणारच आहे. काच धुतली, खाऱ्या हवेने हिरवट पडलेले कनेक्टर बदलले, फरक नाही.

तिसऱ्या पॅनेलला टपावर जागा नाही. जनरेटर नको. फोल्डिंग पॅनेल किनाऱ्यावर राखायला कोणी नसतं, तेव्हा तेही नको.

प्रत्येक पॅनेलला १५ अँपिअरचा वेगळा एमपीपीटी लावला, तर अशा सावलीत समांतर जोडणीपेक्षा दिवसाला प्रत्यक्ष किती वॅट-तास जास्त मिळतात? कोणी दोन्ही मोजून पाहिलंय का?