जीबीएसमुळे कोरियन क्लास महिनाभर ऑनलाइन: शहाणपण की नुसती घबराट?

शनिवारवाली (धागालेखिका)
पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमचा शनिवार-रविवारचा कोरियन भाषेचा क्लास भरतो. गेल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला: जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आहे, सबब अख्खा फेब्रुवारी २०२५ वर्ग ऑनलाइन. फी तीच. महिनाअखेरचा खाऊ रद्द.

खाऊ रद्द केला, उत्तम. पण वर्ग कशाला? जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या चिकनमधून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू पोटात जातो, जुलाब होतात, आणि पुढे आठ-पंधरा दिवसांनी फार थोड्या जणांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. बाकावर शेजारी बसून हे होत नाही. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

गंमत म्हणजे, क्लासच्या पॅसेजमध्ये एक फिल्टर आहे, त्याला साखळीने बांधलेला स्टीलचा ग्लास. मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. तो बंद करा, घरून उकळलेलं पाणी आणायला सांगा, बेसिनवर साबण ठेवा आणि वर्ग भरवा. इतकंच माझं म्हणणं.

किरकटवाडीकर
ताई, तुमची म्हण इथे उलटी लागू होते. या वेळी दुखणं पखालीलाच, म्हणजे पाण्यालाच झालंय.

माझी मुलगी त्याच रस्त्यावरच्या एका क्लासला जाते. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, सगळीकडे रुग्ण आहेत, संशयितांचा आकडा दीडशेच्या पुढे गेलाय. आमच्याच इमारतीतले एक काका व्हेंटिलेटरवर आहेत. २०२१ मध्ये यातली बहुतेक गावं महापालिकेत आली, पण नळाला शुद्धीकरण केंद्राचं पाणी नाही, विहिरीतलं क्लोरीन घालून येतं. जार घ्यावा म्हटलं तर खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही घाण सापडली म्हणून ते बंद करतायत. घरी दोन वेळा पातेलंभर पाणी उकळतो. अशा वेळी पोरगी बाहेर तीन तास काय पिते, काय खाते, यावर मी कुठे लक्ष ठेवू? क्लासने ऑनलाइन केलं तर माझा एक घोर कमी होतो.

शनिवारवाली
तुमची काळजी मान्य. पण मुलगी सोमवार ते शुक्रवार शाळेत जातेच ना? तिथे बाटली देता, तशी शनिवारी द्या.

किरकटवाडीकर
शाळेत बाई डबा-बाटली बघतात. क्लास सुटला की सगळी गँग पाणीपुरीच्या गाडीवर. ते बंद करायला कुठला उपाय आहे तुमच्याकडे?

सूक्ष्मदर्शक
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून थोडं. धागालेखिका म्हणतात ते जीबीएसबद्दल बरोबर आहे. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एखाद्यालाच तो होतो. पण ‘वर्गात काहीच पसरत नाही’ असा अर्थ कुणी काढू नये. रुग्णांच्या काही नमुन्यांत नोरोव्हायरस हा जुलाब-उलट्यांचा विषाणूही सापडलाय. जीबीएसशी त्याचं नातं कॅम्पिलोबॅक्टरइतकं पक्कं नाही, पण तो माणसाकडून माणसाकडे झपाट्याने जातो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. हात साबणानेच धुवायचे. ज्याला जुलाब-उलट्या झाल्यात त्याने बरं वाटल्यावरही दोन दिवस घरी राहायचं. हा एक नियम पाळला तर बाकीच्यांना कोंडायची गरज नाही, असं माझं मत.

के_ड्रामा_आजी
शनिवारवालीशी सहमत. आणि दाखला खुद्द कोरियाचाच देते. २०१५ मध्ये तिथे मेर्स हा श्वसनाचा विषाणूजन्य आजार आला. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. पसरला तो मुख्यतः रुग्णालयांतून, पण बंद पडल्या शाळा, दोन हजारांहून अधिक! शेवटी जागतिक आरोग्य संघटना आणि कोरियाच्या संयुक्त पथकाला सांगावं लागलं की शाळांचा प्रसाराशी संबंध दिसत नाही, त्या उघडण्याचा विचार करा. कोरियन शिकवणाऱ्यांना हे ठाऊक नसावं?

आपल्याकडे २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने शाळा बंद झाल्या, ते वेगळं. तो श्वासातून पसरत होता. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आठवतायत ना?

ज्याचं_त्याला_कळतं
मी जर्मनचा क्लास चालवतो, त्यामुळे विरुद्ध बाजू मांडतो. जागा भाड्याची. टाकी सोसायटीची. टँकर कुठून भरून येतो ते मला कुणी सांगत नाही. उद्या एका मुलाला साधे जुलाब झाले तरी ‘क्लासमध्ये पाणी प्यायला होता’ एवढ्यावर माझी बॅच संपते. आजी, मेर्सचं पथक माझं भाडं भरायला येणार नाही. फी तीच का, तर ऑनलाइन शिकवलं म्हणून भाडं आणि शिक्षकांचा पगार थांबत नाही.

शनिवारवाली
म्हणजे निर्णय आरोग्याचा नाही, बदनामीच्या भीतीचा आहे. मेसेजमध्ये तसं लिहायचं होतं!

आणि ऑनलाइनमध्ये काय जातं तेही सांगते. कोरियनमध्ये ‘क’च्या जातीचे तीन व्यंजनोच्चार आहेत: साधा, हवेचा झोत सोडून केलेला आणि घसा ताणून केलेला. सॉन्सेंगनीम (म्हणजे आमच्या बाई-सर) तोंडापुढे कागदाची पट्टी धरून दाखवतात, कुठल्या उच्चाराला ती किती हलते. मोबाइलच्या स्पीकरवर तिन्ही एकसारखे ऐकू येतात.

लेव्हल_दोन_हवी
पण टोपिक-१ मध्ये (कोरियन भाषेची प्रमाणपत्र परीक्षा) बोलायचं असतंच कुठे? ऐकण्याचे ३० प्रश्न, वाचनाचे ४०, दोनशेपैकी १४० आले की दुसरी पातळी. मला घरबसल्या चालतंय. वडगाव पुलाचं ट्रॅफिकही वाचतं :)

के_ड्रामा_आजी
मी परीक्षेसाठी शिकत नाही बाळा.

पोटोबा
खाऊ तरी का रद्द? किमची म्हणजे आंबवलेला कोबी, आंबटपणात जंतू मरतात.

सूक्ष्मदर्शक
कोबी कशात धुतला त्यावर अवलंबून. कोरियातच शाळांच्या जेवणातल्या किमचीतून नोरोव्हायरस पसरलाय, कारण दूषित भूजल. आंबवण्याच्या भरवशावर राहू नका. तॉकबोक्की (तांदळाच्या पिठाचे तिखट रश्श्यातले तुकडे) खळखळ उकळून गरम खाल्ली तर हरकत नाही, वरची कच्ची पात टाळा.

ज्याचं_त्याला_कळतं
शनिवारवाली, एक विचारतो. तुमच्या क्लासच्या इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली?

शनिवारवाली
आजच विचारून आले. वॉचमन म्हणाला दिवाळीत. सेक्रेटरी म्हणाले गणपतीत.

ज्याचं_त्याला_कळतं
झालं तर मग. ऑनलाइनच बरं.

शनिवारवाली
का म्हणून? त्याच इमारतीत वर चौदा बिऱ्हाडं तेच पाणी पितायत. टाकी धुवून घ्यायचा अर्ज उद्या देतेय, क्लासवाल्यांचीही सही मागणार आहे. देतात का बघू.