हात बसू द्या, मग बटणं हलवा

पायरीवरचा:
दिवाळीच्या सुट्टीत भाचा नाशिकला आमच्याकडे राहायला आला होता. अकरावीत आहे. नवा फोन मिळालेला, त्यावर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम टाकलेला. मला वाटलं, आता चार दिवस पोरगा मान वर करायचा नाही. पण तो खेळतच नव्हता. कुणा नावाजलेल्या खेळाडूच्या लेआउटचा, म्हणजे पडद्यावरच्या बटणांच्या मांडणीचा, कोड आणून टाकला होता, चार बोटांचा ‘क्लॉ’. दोन्ही अंगठे खाली, दोन्ही तर्जन्या वरून वाकवून काचेवर, फोन करंगळ्यांवर तोललेला. मग बंदुकीच्या रेड डॉट स्कोपची सेन्सिटिव्हिटी (बोट हलवलं की नेम किती सरकतो ते), मग थ्री-एक्स स्कोपची, मग जायरो, म्हणजे फोनच हलवून नेम धरायचा. सामना हरला की पुन्हा सेटिंग उघडायचं. पहिल्या दिवशी सामने झाले तीन आणि सेटिंगच्या खेपा मी मोजल्या त्या अकरा.

म्हणून हा धागा काढतोय. माझं मत असं की कुठलाही नवीन गेम पहिले पंधरा-वीस तास आहे त्याच कंट्रोल्सवर खेळावा. नेमकं काय टोचतंय हे हात बसल्याशिवाय कळत नाही. तबल्याच्या क्लासला पहिल्या दिवशी बोटं कुठे ठेवायची हे आपण ठरवत नाही, शिकवणारा ठेवतो तिथे ठेवतो.

दुसरं म्हणजे बटणांची जागा हा बऱ्याचदा गेमचाच भाग असतो. २०१९ चा ‘डेथ स्ट्रँडिंग’ घ्या. पाठीवर सामानाची चळत घेऊन डोंगर चढायचा. तोल डावीकडे-उजवीकडे गेला की कंट्रोलरचे डावे-उजवे ट्रिगर दाबून त्या त्या बाजूचा पट्टा आवळायचा. दोन्ही ट्रिगर धरून ओढा ओलांडताना आपले हातही तसेच आवळलेले असतात. २०१३ च्या ‘ब्रदर्स’मध्ये कंट्रोलरच्या डाव्या स्टिकवर (अंगठ्याने फिरवायच्या दांडीवर) मोठा भाऊ, उजव्या स्टिकवर धाकटा. दोन हातांत दोन भाऊ. शेवटाकडे त्या दोन हातांवरच सगळी गोष्ट उभी आहे, जास्त सांगत नाही. ही वाटणी सुरुवातीलाच मोडली तर हाताशी काय उरणार?

कन्सोल उघडा:
पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला ‘आहे ते’ म्हणता, ते मुळात कुणीतरी बदललेलंच आहे.

डब्ल्यू-ए-एस-डी घ्या. आज पीसीवरच्या जवळजवळ प्रत्येक शूटरमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या गेममध्ये, कीबोर्डच्या या चार कळांनी चालतात. १९९३ च्या ‘डूम’मध्ये चालायला बाणाच्या कळा होत्या. १९९६ च्या ‘क्वेक’मध्येही डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून लावून दिलेल्या कळा, बाणच, आणि माउसने वर-खाली बघायचं तर ते वेगळं चालू करावं लागे. लोक आपापल्या परीने कळा लावून बघत होते. १९९७ साली डेनिस फाँग, म्हणजे ‘थ्रेश’, ‘क्वेक’ची ‘रेड अ‍ॅनायलेशन’ स्पर्धा जिंकला आणि बक्षीस म्हणून ‘क्वेक’ बनवणाऱ्यांपैकी जॉन कारमॅकची फेरारी घेऊन गेला. त्याचा डावा हात डब्ल्यू-ए-एस-डीवर असायचा. ही मांडणी त्याने एकट्याने शोधली असं नाही, पण त्याच्यामुळे ती भराभर पसरली. १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ आला तो डब्ल्यू-ए-एस-डी घेऊनच. सगळ्यांनी हात बसायची वाट बघत बाणांवरच खेळायचं ठरवलं असतं तर आज आपण कुठे असतो?

कन्सोलवरही तेच. डाव्या स्टिकने चालायचं, उजव्या स्टिकने बघायचं, हे २००० साली प्लेस्टेशनवरच्या ‘एलियन रिझरेक्शन’ने केलं तेव्हा समीक्षकांनी त्याच कंट्रोल्सवर टीका केली होती. आज त्याशिवाय शूटरची कल्पना करवत नाही. डिफॉल्ट म्हणजे त्या वेळी बहुतेकांना चालेल असा अंदाज, एवढाच त्याचा मान.

पायरीवरचा:
इतिहास मान्य. पण थ्रेशही आधी नुसत्या कीबोर्डवर ‘डूम’ खेळायचा, माउस नंतर आला. म्हणजे आधी खेळला, कमी काय पडतंय ते कळलं, मग बदललं. भाच्याने दुसऱ्याला जे कळलं होतं ते कोडमधून उचललं. बदलाला माझा विरोध नाही. आपली अडचण कळायच्या आत बदल करण्याला आहे.

डावखुरी:
पहिले वीस तास डिफॉल्टवर? माझं पहिलं मिनिटही निघत नाही.

मी माउस डाव्या हाताने धरते. आता डब्ल्यू-ए-एस-डी कुठे आहे बघा, कीबोर्डच्या डाव्या टोकाला. उजवा हात तिथवर नेला की तो पोटावरून आडवा जातो, मनगट मुडपतं आणि डाव्या हाताच्या माउसवर आदळतं. अशा अवस्थेत ‘हात बसणं’ म्हणजे नेमकं काय बसणार? माझा उजवा हात नंबर पॅडवर असतो. ८ पुढे, ५ मागे, ४ आणि ६ बाजूला. एंटरवर उडी, अधिकच्या कळीवर रिलोड, म्हणजे गोळ्या भरणं. नवीन गेम घेतला की मी आधी कळांच्या यादीत जाते आणि ओळीने बावीस-पंचवीस कळा बदलते. एवढं झाल्यावर माझा खेळ सुरू होतो. तरी काही गेम नंबर पॅडची कळ घेतच नाहीत, आणि काही घेतात पण पडद्यावर ‘ई दाबा’ असंच लिहीत राहतात. माझ्याकडे ई वर काहीच नसतं. मग दार उघडायला कुठली कळ लावली होती ते आठवायचं, तेही मागून कुणी गोळ्या झाडत असताना.

आणि डिफॉल्टवाल्यांच्या भरवशावर राहिलं की काय होतं तेही सांगते. ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा शूटर सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा बंदूक डाव्या हातात दाखवायची सोय काढून टाकली होती. आधीच्या आवृत्तीत होती. लोकांनी पाठपुरावा केला म्हणून ती एप्रिल २०२४ मध्ये परत आली.

पायरीवरचा:
ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर. तुम्हाला माझा नियम लागूच नाही. डावखुरे, हाताला दुखापत असलेले, यांचा अपवाद मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता.

डावखुरी:
दादा, अपवाद म्हणून नको. हाच तर माझा मुद्दा आहे. तुम्ही मला अपवाद केलंत की बाकीच्या सगळ्यांचे हात सारखे, असं ठरून जातं. माझ्या आईची बोटं आखूड आहेत, रेसिंग गेममध्ये तिचा अंगठा ब्रेकपर्यंत पोचत नाही. ती डावखुरी नाही आणि आजारीही नाही. तिने वीस तास थांबावं की नाही हे कोण ठरवणार?

कॅफेवाला सांगली:
मी थोडा धागाकर्त्याच्या बाजूने. २००५ च्या सुमारास मी कॉलेज संपल्यावर एका सायबर कॅफेत बसायचो. एकमेकांना जोडलेली आठ मशीन, त्यांवर ‘काउंटर-स्ट्राइक १.६’. संध्याकाळी जागा मिळायची नाही. भांडण कशावरून व्हायचं? हरण्यावरून फार कमी. एक पोरगा तासभर बसणार, कन्सोल, म्हणजे गेममधली आज्ञा लिहायची खिडकी, उघडून सेन्सिटिव्हिटी स्वतःला हवी तशी करणार आणि उठून जाणार. पुढचा बसला की त्याने माउस बोटभर हलवला तरी नेम भिंतीवरून छताला. कुणी उडी माउसच्या चाकावर लावून ठेवलेली, दुसरा बंदूक बदलायला चाक फिरवतो आणि आडोशामागे उड्या मारत बसतो. ‘काका, माझे दहा रुपये वाया गेले’ म्हणून माझ्याकडे तक्रार.

शेवटी मी मूळ कॉन्फिगची, म्हणजे सगळ्या सेटिंग्जची, फाइल वेगळी जपून ठेवली. रोज रात्री शटर अर्धं ओढून आठही मशीनवर ती परत टाकायची आणि रीड-ओन्ली करायची. तेव्हा कुठे शांतता झाली. चारचौघांच्या वापरातल्या मशीनवर सगळ्यांना ओळखीचं असं काहीतरी लागतंच.

पण एक पोरगा लक्षात राहिलाय. स्वतःचं कॉन्फिग पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. बसताना स्वतःची फाइल टाकायचा आणि उठताना माझी परत लावून जायचा, कुणी न सांगता. त्याला मी कधी अडवलं नाही.

फ्रेम मोजणारा:
स्पर्धेच्या बाजूनेही बोलू. कळ कुठे आहे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बदलता बदलता आपलं काम मशीनच करायला लागलं तर? ऑगस्ट २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्वने ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर असलेच प्रकार बंद केले. ए (डावीकडे) सोडून डी (उजवीकडे) दाबायचं टायमिंग कीबोर्डनेच सांभाळायचं, किंवा उडी आणि बॉम्बची फेक एकाच कळीत बांधायची, हे तिथे आता चालत नाही. मला तो निर्णय पटला. ए सोडण्याच्या त्या क्षणासाठी मी काही वर्षं घासलीयत.

कन्सोल उघडा:
ही वेगळी गोष्ट झाली, इथे मिसळू नका. एका दाबात एक काम, मग ते बटण कुठेही असो, ही मांडणी. एका दाबात दोन कामं, हे यंत्राकडून करवून घेणं. ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या गेमने २०२३ मध्ये हे चांगलं हाताळलं. ‘क्लासिक’मध्ये सहा बटणं आणि स्टिकच्या जुन्या हालचाली. ‘मॉडर्न’मध्ये स्पेशल मूव्ह, म्हणजे खास चाल, एका बटणावर, पण ती तशी मारली तर तिचा मार कमी. सोय घ्या आणि तिची किंमत मोजा, हे बनवणाऱ्यांनीच उघडपणे ठरवलं. मला ‘मॉडर्न’वाल्यांशी खेळायला काहीच वाटत नाही.

अंगठा:
भाच्याच्या ‘क्लॉ’बद्दल बोलतो, कारण मी तिथून गेलोय.

बीजीएमआयच्या नेहमीच्या मांडणीत दोन अंगठ्यांनी खेळलं की उजव्या अंगठ्याकडे किती कामं येतात बघा. इकडेतिकडे बघायचं, गोळी झाडायची, झाडतानाच बंदूक खाली खेचायची, वर स्कोप, उडी, बसणं. डावा अंगठा नुसता चालवतो. दीड वर्ष असं खेळलो आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी सहा आठवडे पट्टा बांधायला लावला. नंतर मी गोळीचं बटण डाव्या तर्जनीखाली नेलं, बाकी काही हलवलं नाही. तीन बोटं. पहिले आठ दिवस नवशिक्यासारखा मरत होतो, पण दुखणं उलटलं नाही. तेव्हा डिफॉल्ट म्हणजे निर्धोक, असं समजू नका. चार बोटांच्या क्लॉनेही तर्जन्या आखडतात, तो काही रामबाण नाही.

‘दाबून धरा’ऐवजी ‘एकदा दाबा’ हा पर्याय सेटिंगमध्ये दिसला की मला आता बरं वाटतं. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये अशा साठाहून जास्त सेटिंग्ज होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच खेळ सुरू होतानाच समोर यायच्या. वीस तास कुणालाही थांबवलं नव्हतं.

पायरीवरचा:
तुमचा प्रतिसाद वाचून काल भाच्याला फोन केला आणि अंगठा दुखतो का विचारलं. दुखत नाही म्हणाला. मग व्हिडिओ कॉलवर लेआउट दाखवायला सांगितलं, आणि घोडं कुठे अडलंय ते कळलं. तो कोड ज्याचा होता तो खेळाडू टॅबलेटवर खेळतो. रुंद पडद्यावर मोकळी बसणारी बटणं याच्या फोनवर एकमेकांना खेटून आली होती. स्कोप दाबायला गेलं की उडी लागत होती. हा बिचारा सेन्सिटिव्हिटी बदलत बसला होता.

त्याला म्हटलं, सगळं मूळ जागी आण आणि दहा सामने काहीही हलवू नकोस. त्याने ऐकलं. आज संध्याकाळी त्याचा मेसेज आला. सात सामने झाल्यावर त्याने एकच बटण हलवलं, आडवं झोपायचं. गोळ्या झाडताना अंगठा खाली घसरून त्यावर पडायचा आणि मोकळ्या रानात तो पोटावर झोपायचा. ते बटण त्याने बोटभर खाली सरकवून लहान केलं. हे त्याचं त्याला सापडलं, याचा मला आनंद झाला.

डावखुरी:
छान झालं, मलाही आवडलं. फक्त एक विचारते. झोपायचं बटण नडतंय हे त्याला सातव्या सामन्यात कळलं, की दुसऱ्यातच कळलं होतं आणि मामाने दहा सांगितले म्हणून तो थांबला होता?

पायरीवरचा:
विचारलं. तिसऱ्यात कळलं होतं म्हणाला.