कोलामध्ये दात खरोखर एका रात्रीत नाहीसा होतो का?

प्रश्न (दादर):
माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला ‘कोलात ठेवलेला दात एका रात्रीत नाहीसा होतो’ हे दाखवायचे आहे. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या संदेशात तर लोखंडी खिळाही चार दिवसांत विरघळतो असे लिहिले आहे. धाकट्याचा पडलेला दुधाचा दात आम्ही जपून ठेवला आहे. तो खर्ची घालण्यापूर्वी यात तथ्य किती, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर (रसायनशास्त्र शिक्षक, मुलुंड):
एका रात्रीत दात नाहीसा होत नाही. या समजुतीला बळ मिळाले ते १९५० मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाचे क्लाइव्ह मॅके यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे दिलेल्या साक्षीमुळे. पण कोलात ठेवलेला दात दोन दिवसांत मऊ पडून विरघळू लागतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कोलाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे २.५ असतो, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकाच, आणि म्हणून लिंबाच्या रसाशी तुलना न करता केलेला प्रयोग मला अपुरा वाटतो. दाताऐवजी अंड्याचे कवच मात्र घेऊ नका. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असते, तर दाताचे मुख्य खनिज कॅल्शियम फॉस्फेटच्या वर्गातले आहे. त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

उत्तर (वरळी):
खिळ्याचा प्रयोग मी स्वतः केला आहे. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या जाळीला सतत गंज चढतो, म्हणून एक गंजलेला खिळा चार दिवस कोलात बुडवून ठेवला. गंज बराच सुटला, खिळा शाबूत राहिला. कोलातले फॉस्फोरिक आम्ल गंजावर काम करते. खाली उरलेल्या लोखंडावरही त्याचा परिणाम होतो, पण फार संथपणे.

उत्तर (दंतवैद्य, परळ):
‘पेल्यात दात झिजतो, तर पोटाचे काय होत असेल’ हा तर्क चुकीचा आहे, कारण जठरातले आम्ल मुळातच तीव्र असते आणि जठराचे अस्तर त्यापासून स्वतःचे रक्षण करते. दातांची काळजी मात्र मला खरोखरच वाटते. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण थरातून खनिजे सुटू लागतात. लाळ ते आम्ल सौम्य करते, परंतु बाटली जवळ ठेवून तासभर घोट घोट पिणाऱ्या मुलाच्या लाळेला तेवढी उसंतच मिळत नाही. शिवाय साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते आणि तोंडातले जिवाणू तिचेही आम्ल करतात. प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत; अर्धा ते एक तास थांबावे.

प्रश्नकर्ती (दादर):
मनःपूर्वक आभार. दात एकच असल्याने तो आता घरीच राहील. तीन सारख्या गंजक्या खिळ्यांपैकी एक कोलात, एक लिंबाच्या रसात आणि एक साध्या पाण्यात ठेवून मुलगी रोज नोंद करणार आहे.